पाणी मागे का फिरते : घरगुती मलवाहिनीचे तुंबणे

घरातून बाहेर पडणारे पाणी केवळ उताराच्या बळावर वाहते, ही घरगुती मलवाहिनीविषयी सर्वप्रथम लक्षात घेण्याची गोष्ट होय. पिण्याचे पाणी गच्चीवरील टाकीतून दाबाने येत असल्यामुळे त्याचा नळ भिंतीतून कसाही वर-खाली वळवला तरी चालतो. सांडपाण्याच्या नळाला मात्र असा दाब मिळत नाही, नेहमीच्या वापरात तो अर्धाअधिक रिकामाच असतो, आणि जेथे त्याचा उतार कमी पडतो किंवा मोडतो तेथे पाणी पुढे निघून जाऊन घनपदार्थ मागे राहतात. बांधकामात दीर्घकाळ पाळला गेलेला ठोकताळा असा, की चार इंची नळाला चाळीस फुटांमागे एक फूट, सहा इंची नळाला साठ फुटांमागे एक फूट आणि नऊ इंची नळाला नव्वद फुटांमागे एक फूट उतार द्यावा. त्यामागील हेतू एवढाच, की दिवसातील सर्वाधिक वापराच्या वेळी तरी पाण्याला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर वेग मिळावा, कारण त्या वेगाने वाहणारे पाणी तळाशी बसलेला गाळ स्वतःच उचलून नेते. अभियंते यालाच स्वच्छकारी वेग म्हणतात. ज्या वाहिनीला हा वेग कधीच मिळत नाही, ती बांधली गेल्या दिवसापासून हळूहळू भरत असते, आणि ज्या दिवशी ती तुंबते तो दिवस त्या दीर्घ प्रक्रियेचा केवळ शेवट असतो.

महाराष्ट्रातील शहरी इमारतींत या पाण्याचा मार्ग साधारणपणे ठरलेला असतो. जुन्या पद्धतीत दोन स्वतंत्र उभे नळ असतात : संडासातील मैलापाणी नेणारा एक आणि मोरी, बेसिन व स्वयंपाकघरातील सांडपाणी नेणारा दुसरा. सांडपाण्याचा नळ जमिनीलगत गली ट्रॅप नावाच्या जाळीदार कुंडीत उतरतो, मैलापाण्याचा नळ थेट तपासणी कुंडीत म्हणजे बोलीभाषेतील चेंबरमध्ये येतो, आणि पुढे एका चेंबरमधून दुसऱ्या चेंबरमध्ये जात सर्व पाणी आवाराबाहेरील महापालिकेच्या मलवाहिनीला मिळते. प्रत्येक मोरीच्या तोंडाशी असलेला नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा वाकडा नळ आणि कमोडच्या पोटातील वळण यांत थोडे पाणी कायम साठून राहते. प्लंबर ज्याला वॉटर सील म्हणतात तो हा अडसर वाहिनीतील वायूंना घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये संडासाच्या ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिच्यात हे वळण होते, आणि आजही प्रत्येक घराचे संरक्षण अवघ्या दोन इंच पाण्यावर अवलंबून आहे. उभा नळ गच्चीच्याही वर नेऊन जाळीच्या टोपणासह उघडा ठेवला जातो तोही याच कारणासाठी : वरून पाणी वेगाने कोसळताना नळातील हवेला मार्ग मिळाला नाही, तर ती हवा खालच्या मजल्यांच्या ट्रॅपमधील पाणी ओढून घेते किंवा उलट दिशेने ढकलते.

वाहिनी पुढे कोठेतरी अडली की मागचे पाणी वर चढू लागते, आणि चढणारे पाणी वाटेतील सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून बाहेर पडते. हे तोंड बहुधा तळमजल्यावरील नहाणी ट्रॅपचे असते, कारण कमोडची कड जमिनीपासून फूट-दीड फूट वर असते, तर मोरीची जाळी जमिनीच्याही किंचित खाली. मैलापाणी आणि सांडपाणी वेगळ्या नळांनी येत असले तरी चेंबरमध्ये ते एकत्र होत असल्यामुळे, चौथ्या मजल्यावर ओढलेल्या फ्लशचे पाणी तळमजल्याच्या न्हाणीघरात उगवू शकते. अडथळा निर्माण करणारे घर एक आणि त्याचा त्रास भोगणारे घर दुसरे, ही या विषयातील मूळ विषमता आहे. वरच्या मजल्यांवर सर्व काही सुरळीत दिसत असल्याने तेथे कोणालाही काळजी वाटत नाही, आणि तळमजल्याची तक्रार ही त्या एका सदनिकेची खासगी अडचण समजली जाते. प्रत्यक्षात ती संपूर्ण इमारतीला मिळालेली पूर्वसूचना असते.

ही सूचना ओळखणे फारसे अवघड नाही. फक्त स्वयंपाकघरातील सिंकचे पाणी सावकाश जात असेल आणि इतरत्र काही बिघाड नसेल, तर अडथळा बहुधा त्या सिंकच्या स्वतःच्या नळात असतो. मात्र मोरी, बेसिन आणि कमोड या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी पाणी रेंगाळू लागले, कमोडमधील पाण्याची पातळी कारण नसताना कमी-जास्त होऊ लागली, किंवा एका ठिकाणी पाणी सोडल्यावर दुसऱ्या ठिकाणी त्याचा परिणाम दिसू लागला, तर दोष सामायिक वाहिनीत आहे असे निश्चित समजावे. धुलाई यंत्र पाणी सोडते तेव्हा नहाणी ट्रॅपमधून फेस वर येणे, फ्लश ओढल्यावर शेजारच्या मोरीत गुडगुड आवाज होणे, ही या परस्परसंबंधाची सर्वांत विश्वासार्ह चिन्हे होत. गुडगुड आवाज म्हणजे पाण्यामागे अडकलेली हवा ट्रॅपमधील पाणी भेदून बाहेर पडत आहे, आणि पाणी घरात शिरण्याच्या कितीतरी दिवस आधी हा आवाज ऐकू येतो. केवळ दुर्गंधी येत असेल आणि पाणी मात्र नीट वाहत असेल, तर आधी साधी शक्यता तपासावी : दोन-तीन महिने बंद असलेल्या घरात ट्रॅपमधील पाणी वाळून जाते आणि वायूंना वाट मोकळी होते, तेथे तांब्याभर पाणी ओतणे एवढाच उपाय पुरतो.

अडथळा नेमका कोठे आहे, हे शोधण्याची रीत आवारातील चेंबरच सांगतात. झाकणे उघडून, आत न वाकता, एका बाजूने क्रमाने पाहत गेल्यास एक चेंबर काठोकाठ भरलेला आणि त्याच्या पुढचा कोरडा आढळला, तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या नळात आहे. सर्वच चेंबर भरलेले असतील, अगदी आवाराच्या दाराजवळचा शेवटचाही, तर दोष शेवटच्या जोडणीत किंवा महापालिकेच्या वाहिनीत असतो, आणि आवारातील नळ कितीही घासले तरी उपयोग होत नाही. चेंबर कोरडे असूनही घरातील पाणी हटत नसेल, तर अडथळा उभ्या नळात किंवा घरातच असतो. ही पाहणी पाच मिनिटांची आहे. ती न करता थेट कामगार बोलावल्यामुळे अनेक गृहनिर्माण संस्था चुकीच्या जागी खर्च करतात. दुर्दैवाने पेव्हर ब्लॉक बसवताना झाकणे त्यांच्याखाली गाडली जातात, आणि चेंबर कोठे आहेत हेच पुढे कोणाला ठाऊक राहत नाही. आवारातील प्रत्येक चेंबरची जागा दाखवणारा साधा नकाशा संस्थेच्या दप्तरात असणे ही खरी पहिली खबरदारी होय.

रस्त्यावरील वाहिनी भरून वाहू लागते तेव्हा आणखी एक नियम लागू होतो, आणि महाराष्ट्रातील शहरांत त्याचे महत्त्व वर्षागणिक वाढत आहे. तुंबलेले पाणी रस्त्यावरील मॅनहोलच्या झाकणाच्या पातळीपर्यंत चढते आणि तेथून बाहेर वाहू लागते. म्हणून ज्या घराची जमीन त्या झाकणापेक्षा उंच आहे ते घर सुरक्षित राहते, आणि ज्याची जमीन खाली आहे त्या घरात पाणी आधी शिरते. जुनी घरे बांधली गेली तेव्हा त्यांचे जोते रस्त्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या उंच होते. पुढे जुना थर न खरवडता डांबराचे थर एकावर एक चढत गेले, नंतर काँक्रीटीकरण झाले, आणि त्या पायऱ्या जमिनीत गेल्या. काही ठिकाणी तर आता रस्त्यावरून घरात उतरावे लागते. घरात काहीही न बदलता, घराची मलवाहिनी मात्र अशा प्रकारे धोकादायक बनली. रस्त्याची उंची वाढवणे हा निर्णय वाहतुकीपुरता नसून तो प्रत्येक तळमजल्याच्या आरोग्याचा निर्णय असतो, हे रहिवाशांनी काम सुरू होण्यापूर्वीच प्रशासनापुढे मांडले पाहिजे. जुना थर काढून मगच नवा घालण्याचा आग्रह त्यासाठी धरावा लागतो.

पावसाळ्यात तुंबण्याच्या तक्रारी का वाढतात, याचे उत्तर बहुतेक वेळा गच्चीवर सापडते. मुंबईत मलवाहिन्या आणि पर्जन्यजलवाहिन्या, म्हणजे पावसाचे पाणी नेणारी गटारे, स्वतंत्र आहेत, आणि मलवाहिनीचा व्यास केवळ घरगुती सांडपाण्याचा हिशेब करून ठरवलेला असतो. हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. माणशी दररोज १३५ लिटर पाणी आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी असे नियोजनाचे प्रमाण धरल्यास पाच जणांचे कुटुंब दिवसाला ५४० लिटर सांडपाणी सोडते. उलट १०० चौरस मीटर गच्चीवर ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका तासात ५,००० लिटर पाणी जमते. म्हणजे त्या कुटुंबाच्या नऊ दिवसांच्या सांडपाण्याहून अधिक पाणी एका तासात. गच्चीचा पन्हळनळ सोयीसाठी मैलापाण्याच्या चेंबरला जोडला, की हा सर्व भार चार किंवा सहा इंची नळावर येतो. अशी जोडणी करताना खर्च वाचतो, कोणाला ती दिसतही नाही, आणि पहिल्या मोठ्या पावसात तळमजल्याला तिची किंमत मोजावी लागते.

शहराच्या पातळीवरही हेच घडते. मुंबई बेटावरील जुनी पर्जन्यजल व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून आखलेली होती, १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस केली, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अनेक गटारांची समुद्राकडील तोंडे भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी रस्त्यावर साचते आणि मॅनहोलमधून मलवाहिन्यांत घुसते. साचलेले पाणी उतरावे म्हणून रहिवासी स्वतःच मॅनहोलची झाकणे काढतात, ही तर दुहेरी हानी आहे : मलवाहिनी भरून मागचे घर तुंबते, आणि उघडे भोक पाण्याखाली दिसेनासे होते. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत मुंबईतील एका नामवंत डॉक्टरांचा अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला.

वर्षभराच्या अडथळ्यांत मात्र सर्वांत मोठा वाटा स्वयंपाकघराचा असतो. कढईतील उरलेले तेल, तुपाचा हात लागलेली भांडी, वनस्पती तुपाचा थर, नारळाच्या रसाच्या आमटीवरचा तवंग हे सर्व गरम पाण्याबरोबर पातळ होऊन सहज वाहून जाते, आणि काही फुटांवर नळाच्या थंड भिंतीला लागून गोठते; खोबरेल तेल तर सुमारे २४ अंश सेल्सिअसलाच घट्ट होऊ लागते. ही केवळ गोठण्याची क्रिया नाही. स्निग्ध पदार्थांचे विघटन होऊन तयार होणारी मेदाम्ले पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावतात आणि त्यांचा पाण्यात न विरघळणारा, खडूसारखा कठीण साबण बनतो. विंधन विहिरीच्या आणि टँकरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत हे कॅल्शियम मुबलक मिळते. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातील मलवाहिनीत अशा चरबीचा आणि ओल्या पुसण्यांचा सुमारे २५० मीटर लांब व १३० टन वजनाचा गोळा आढळला, आणि त्याचे तुकडे पुढे लंडनच्या संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवण्यात आले. इमारतीच्या नळात घडते ते याच प्रकारचे, फक्त लहान प्रमाणावर : आतला थर चार इंची नळाची वाट दोन इंचांवर आणतो, मग भाताची शिते, चहाचा चोथा आणि नारळाच्या शेंड्या तेथे अडकतात. उरलेले तेल बाटलीत साठवून ठेवणे, भांडी घासण्यापूर्वी तेलकटपणा कागदाने पुसून घेणे आणि सिंकच्या तोंडावर बारीक जाळी बसवणे या तीन सवयी कोणत्याही रसायनापेक्षा अधिक काम करतात.

संडासात टाकल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल संकोच बाजूला ठेवून स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर यांतील पदार्थ पाणी शोषून फुगण्यासाठीच बनवलेला असतो, त्यामुळे ते नळात गेल्यावर मूळ आकाराच्या कितीतरी पट होतात. ओल्या पुसण्यांत बहुधा प्लास्टिकचे धागे असल्याने त्या कागदाप्रमाणे विरघळत नाहीत. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी असा कचरा गुंडाळून वेगळा देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली, पण घरातील आणि शाळा-कार्यालयांतील स्वच्छतागृहांत झाकणाची बादली नसेल तर हा नियम कागदावरच राहतो. याहून कमी चर्चा होते ती घराच्या दुरुस्तीकाळातील नुकसानीची. फरशी बसवणारे कारागीर सिमेंटचे हात आणि घमेली मोरीत धुतात, ते पाणी ट्रॅपमध्ये आणि आडव्या नळात बसते आणि तेथे दगड होते. असा नळ घासून उघडत नाही, तो फोडूनच बदलावा लागतो. दुरुस्ती चालू असताना मोरीचे तोंड बंद ठेवणे, ही संस्थेने सदस्याला परवानगी देतानाच घालावयाची अट आहे. गणेशोत्सवात घरी बादलीत विसर्जन केल्यानंतर उरणारे शाडूचे पाणीही मोरीत न ओतता झाडांना घालावे, कारण ती माती अत्यंत बारीक असून नळाच्या तळाशी घट्ट बसते.

जुन्या वाहिन्यांना मुळांपासूनचा धोका वेगळाच असतो. चिनी मातीच्या पक्क्या नळांचे दोन-दोन, तीन-तीन फुटांचे तुकडे सिमेंटने जोडलेले असतात, जमीन किंचित खचली की सांध्याला केसाएवढी चीर पडते, आणि तेथून झिरपणाऱ्या ओलाव्याकडे वड, पिंपळ, उंबर यांची मुळे वळतात. आत शिरलेले तंतूसारखे मूळ पोषक पाण्यात जाळ्यासारखे वाढते. मुंबईच्या जुन्या भागातील घरगल्ल्या, म्हणजे पूर्वीच्या टोपली-संडासांच्या सफाईसाठी दोन इमारतींच्या मागे सोडलेले अरुंद बोळ, आज उभ्या नळांनी आणि चेंबरनी भरलेले आहेत. तेथील भिंतींवर नळाच्या सांध्याशी उगवलेले पिंपळाचे रोप हे गळतीचे निश्चित चिन्ह मानावे. खिडकीतून घरगल्लीत टाकलेला कचरा सरळ त्या चेंबरमध्ये जातो. दर काही महिन्यांनी एकाच जागी तुंबत असेल, तर वारंवार मोकळे करण्याऐवजी नळात कॅमेरा सोडून पाहणी करून घेणे अंती स्वस्त पडते, कारण खचलेला किंवा फुटलेला नळ सफाईने सुधारत नाही.

लहान शहरांत आणि कोकणातील वाड्यांत मलवाहिनीऐवजी सेप्टिक टाकी असते. तिच्यात गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात मुरते. गाळ वेळेवर काढला नाही तर तो शोषखड्ड्यात जाऊन मातीची छिद्रे कायमची बुजवतो, आणि पावसाळ्यात भूजल वर आले की पाणी मुरणे थांबून संडास तुंबतो. टाकी भरल्यावर टँकर बोलावण्याची सर्वत्र असलेली सवय म्हणूनच चुकीची आहे. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिकेने शहरातील टाक्या ठरावीक चक्राने, सुमारे तीन वर्षांतून एकदा, उपसण्याची सेवा २०१८ पासून सुरू केली, आणि हे वेळापत्रक कोणत्याही ग्रामपंचायतीला अनुकरण करता येण्याजोगे आहे.

पाणी घरात शिरू लागल्यावर पहिला उपाय सर्व मजल्यांवरील पाण्याचा वापर तत्काळ थांबवणे हा आहे; प्रसंगी गच्चीवरील टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा लागला तरी तो करावा, कारण वरून येणारे प्रत्येक बादलीभर पाणी तळमजल्यावर उतरते. ओल्या जमिनीजवळची विजेची उपकरणे बंद करावीत. आवारातील भूमिगत पाण्याची टाकी चेंबरजवळ असेल, तर तिच्यात मैलापाणी गेलेले नाही याची खात्री होईपर्यंत ते पाणी वर चढवू नये. कावीळ आणि विषमज्वर यांचा प्रसार अशा वेळीच होतो. आम्ल ओतण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. संडास साफ करण्याचे आम्ल चरबी विरघळवत नाही, सिमेंटचे सांधे मात्र खाते, आणि ब्लीचिंग पावडरीशी त्याचा संयोग झाला तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

रस्त्यापेक्षा खाली असलेल्या घरांना शेवटच्या चेंबरमध्ये एकमार्गी झडप, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, बसवून घेता येते. तिची मर्यादा मात्र विक्रेते क्वचितच सांगतात : बाहेरचे पाणी अडवण्यासाठी ती मिटते तेव्हा आतले पाणीही बाहेर जाऊ शकत नाही, त्यामुळे त्या काळात वरच्या मजल्यांनी वापर चालू ठेवला तर इमारत स्वतःच्याच पाण्याने तुंबते. तिच्या पडद्यात कचरा अडकल्यास ती अर्धवट उघडी राहते, म्हणून तिची नियमित सफाईही आवश्यक असते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सांडपाण्याच्या सामायिक वाहिन्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावयाची असते. ती एकट्या तळमजल्याच्या सदस्यावर ढकलता येत नाही. मे महिन्यात सर्व चेंबर उघडून गाळ काढणे, गच्चीच्या नळांच्या जोडण्या तपासणे आणि झाकणे मोकळी करून घेणे ही तरतूद वार्षिक अंदाजपत्रकातच असली पाहिजे.

हे काम कोणाकडून आणि कसे करून घेतले जाते, हा प्रश्न येथे टाळता येणार नाही. चेंबर आणि टाक्यांत हायड्रोजन सल्फाइड वायू साठतो. त्याचा सडक्या अंड्यांसारखा वास प्रमाण वाढताच जाणवेनासा होतो, कारण तो वायू घ्राणशक्तीच बधिर करतो, आणि वास येत नाही म्हणून खाली उतरलेला माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवण्यासाठी उतरणारा दुसराही बहुधा परत येत नाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना आणि सुरक्षेच्या अटी न पाळता मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास बंदी केली असून पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. ही बंदी महापालिकेइतकीच गृहनिर्माण संस्थेला आणि घरमालकालाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख रुपये केली. जेटिंग यंत्र आणि सक्शन गाडी आता बहुतेक शहरांत भाड्याने मिळते. त्यांचा खर्च एका मजुराच्या रोजंदारीपेक्षा जास्त आहे, आणि तो खर्च सर्व सदस्यांनी मिळून करावा. कंत्राटदाराने माणूस आत उतरवण्याची तयारी दाखवली, तर संस्थेच्या सचिवाने ते काम तेथेच थांबवावे.